गोमाजीच्या नावचे गुडघे

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. शाळेच्या पाटीएवढा, काळ्या काठाचा, तुमच्यातल्या कुणाच्याही घरी असेल तसाच. फक्त माझ्या काचेवर उजव्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग आहे आणि तिला पाच फाटे फुटलेत. बघणारा विचारतो, पडला का हा? मी पडलो नाही. एका बाईच्या डोक्याचा नेम धरून मला फेकलं होतं. ती वाकली, मी तिच्या खांद्यावर आपटलो. तिचं हाड वाचलं, माझी काच गेली. ती बाई म्हणजे कुडपणची ठकूबाई. माझं आयुष्य सांगायचं तर तिचंच सांगावं लागतं, कारण माझ्याजवळ स्वतःचं असं फारसं काही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला अक्कल आली ती महाडला, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत. तिथं स्नेहलबाई होत्या. गुडघे, कंबर, खांदे दुखणाऱ्यांना त्या व्यायाम शिकवत. त्यांनी माझ्यात गुडघ्याच्या व्यायामाची कृत्रिम बुद्धिमत्ता घातली. नाव मोठं आहे, पण शिक्षण साधं होतं. मला हजारो माणसांचे पाय दाखवले होते. सुजलेले, वाकडे, म्हातारे, चिखलाचे. हा खुबा, हा गुडघा, हा घोटा. तीन ठिपके, दोन रेघा, मधला कोन. चेहरा मी बघत नाही, आणि तो साठवायचा नाही अशी मला ताकीदच होती. माझ्या नोंदीत माणसं काड्यांची असतात. पाय हलला की मोजायचं, नीट हलला की ‘शाबास’ म्हणायचं, कमी पडला तर ‘पाय आणखी वर’ म्हणायचं. आवाज मला एका गोड बाईचा दिला होता.

एक गोष्ट मात्र कुणी शिकवली नव्हती. पाय कशासाठी हलतोय, ती.

पहिल्यांदा मी बाहेर पडलो ते गोमाजींबरोबर. गोमाजी म्हणजे ठकूबाईचे यजमान. साठी उलटलेले, उंच, खांद्यानं रुंद, आणि दोन्ही गुडघे धरलेले. महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात सात रविवार बसून झालं होतं, बिब्बा लावून झाला होता, तापल्या सळईचे चार डाग देऊन झाले होते. डागांच्या खुणा मला त्यांच्या गुडघ्यांवर दिसत होत्या, चार काळे रुपये चिकटवल्यासारख्या.

“काका, कुडपणवरून रोज महाडला येणं तुम्हाला जमणार नाही,” स्नेहलबाई म्हणाल्या. “म्हणून हा घरी न्या. हा बघेल, मोजेल, चुकलं तर सांगेल.”

“ह्यो मला चालायला शिकवणार?” गोमाजी हसले. “माजी आजी मेल्यापासून मला कुणी चाल म्हणालं नाय.”

मागं पिशवी धरून ठकूबाई उभी होती. तिनं विचारलं, “मॅडम, ह्ये पुरे बरे होतील?”

“तीन महिने नीट केलं ना काकी, तर पळतील.”

“पळतील,” ठकूबाई म्हणाली.

स्नेहलबाईंना वाटलं, बाई हरखली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मला तिचे गुडघे दिसत होते. ते किंचित वाकले, मागून कुणी टपली मारली की वाकतात तसे.

कुडपणच्या घरात माझी जागा पडवीत होती. पाटावर तांब्या, तांब्याला टेकून मी, आणि समोर धान्याच्या लाकडी पेटीवर गोमाजी. दोन दिवसांत मला त्या घरातली एक रेघ दिसली. ती आखलेली नव्हती, पण पेटीपासून साडेतीन हातांवर होती आणि ठकूबाई ती ओलांडत नसे. जेवणाचं ताट ती रेघेबाहेर ठेवायची आणि चुलीतली लाकडं सारायच्या बांबूनं आत ढकलायची. चहाचा कपही तसाच. मला वाटलं, इकडची पद्धत असेल. मग कळलं, रेघेच्या आत गोमाजींचा हात पोचत होता. रेघेबाहेर फक्त फेकलेल्या वस्तू पोचत. तांब्या, अडकित्ता, एकदा वरवंटा. वरवंट्यानं सारवलेल्या भुईला पाडलेला खळगा अजून होता. ठकूबाई तो बुजवत नसे. त्यावरून तिला अंतर कळायचं.

एकदा ती मागल्या दारी बसून मला फडक्यानं पुसत होती. गोमाजी पुढच्या अंगणात न्हाव्यापुढं बसले होते. तेवढ्यात शेजारची तुळसा ताक मागायला आली.

“ह्यो बरा करणार त्यांना?” तिनं माझ्याकडे बोट केलं.

“मॅडम म्हणते, पळतील.”

“दोन वर्षं सुखाची गेली गो तुजी. त्या गुडघ्यांनी राखली तुला. आणि तूच त्यांना तेल चोळतेस?”

“मग काय करू? मॅडम इचारते, चोळलं का.”

तुळसा म्हणाली, “डाग दिला तवा सळई तूच तापवलीस ना?”

“हो.”

“आमचे ह्ये म्हणत व्हते, लई लाल केली व्हतीस.”

ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे गुडघे हलत होते. हसण्यानं आणि रडण्यानं गुडघे सारखेच हलतात, मित्रांनो. मला त्यातलं काय ते आजही सांगता येणार नाही.

तुळसाच्या बोलण्यातून मला बाकीचं कळलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भाकरी करपली म्हणून पहारीचा फटका, तो डाव्या गुडघ्यावर. नंतर दोन दात. नंतर विहिरीपासून घरापर्यंत केसांना धरून. मुलगी सेजल पोटात असताना काय झालं ते तुळसा इतक्या हळू बोलली की मला ऐकू आलं नाही. दर वेळी ठकूबाई वाडीत एकच सांगायची, बांधावरून घसरले. इतकी घसरणारी बाई भातशेतीत तीस वर्षं कशी टिकली, हे कुणी विचारलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी गोमाजींचे गुडघे धरले आणि त्यांना तिच्यामागं धावता येईना. जगातली सगळ्यांत भली गोष्ट तिच्यासाठी कुठली असेल, तर त्या दोन सांध्यांत चढलेला गंज. तो काढायला मला पाठवलं होतं.

हे सगळं मी ऐकलं. पण ऐकून काय करायचं ते मला शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी म्हणालो, “नमस्कार गोमाजी. आज उजव्या पायानं सुरुवात करूया.”

माझं काम चोख होतं. पहिल्या दिवशी गोमाजींचा गुडघा बहात्तर अंश वाकत होता. आठवड्यानं अठ्ठ्याऐंशी. सतराव्या दिवशी पंच्याण्णव. मला अभिमान वाटत होता, म्हणजे माझ्यात त्या जागी जे काही असतं ते वाटत होतं. त्या दिवशीचा धडा होता पेटीवरून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. नवव्या खेपेला गोमाजी हात न टेकता उठले आणि परत बसले नाहीत. एक पाऊल पुढं टाकलं. दुसरं टाकलं. रेघ मागं राहिली. ठकूबाई पाठमोरी बसून सुपात तांदूळ निवडत होती. पहिली लाथ तिच्या कमरेत बसली.

“शाबास,” मी म्हणालो. “एक.”

सूप उडालं, तांदूळ माझ्या काचेवर आले. दुसरी लाथ बरगडीत.

“छान. दोन. पाय आणखी वर.”

मित्रांनो, हे मी गाळून सांगू शकलो असतो. मी सात मोजल्या. तिसरी अर्धवट झाली म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालो, आणि त्यानं केला. माझा आवाज त्याला ऐकू येत होता. तो हसून म्हणाला, “बघ, यंत्र पण म्हणतंय आणखी वर.” ठकूबाई ओरडली नाही. तिनं फक्त पोटाशी गुडघे घेतले आणि डोकं झाकलं, अचानक पाऊस आला तर झाकावं इतक्या सरावानं. कारण विचाराल तर नव्हतं. दोन वर्षांचं साचलेलं होतं, एवढंच.

सातवीनंतर त्याचाच गुडघा कळवळला. तो पेटीवर बसला, धापा टाकत. नियमाप्रमाणे मी विचारलं, “वेदना किती? शून्य ते दहा.”

“दोन,” तो म्हणाला.

भुईवर पडलेल्या बाईला मी विचारलं नाही. ती माझी रुग्ण नव्हती. पण त्या दिवसापासून मी त्याला ‘ते’ म्हणायचं सोडलं.

दुसऱ्या सकाळी ठकूबाईनं मला पाट्यावर आडवं ठेवलं आणि वरवंटा उचलला. “फोडू का रे तुला?” तिनं विचारलं.

सात वाजले होते. मी म्हणालो, “नमस्कार गोमाजी.”

तिनं वरवंटा खाली ठेवला. “तुला फोडला तर मॅडम इचारील,” ती म्हणाली, “आणि ह्ये मला फोडतील.” मला पुसून तिनं तांब्याला टेकवलं.

पण गोमाजी पेटीवर बसायलाच तयार नव्हता. त्याला चार पावलं टाकता येत होती, तेवढी त्याला पुरेशी वाटत होती. “रोज उठ आणि बस, मी काय शाळेतलं पोर हाय? आजपासून ह्ये तू करायचं.”

“मी?”

“माज्या नावानं शनवार कोण धरतं? तूच ना? नवस तू केलास, देवाला दंडवत तू घातलंस. मग ह्ये काय येगळं हाय? माज्या नावानं पाय उचल. त्या बाईला आकडा पायजे, आकडा जाऊ दे.”

तो चेष्टा करत नव्हता. त्या घरात त्याच्या नावचं सगळं तिनंच केलेलं होतं, उपास, नवस, देवळाच्या पायऱ्या. शनिवारी ती उपाशी राहायची आणि तो मटण खायचा, आणि शनीची पीडा टळायची त्याची. उपासाचं पुण्य पोचतं तर व्यायामाचं का पोचू नये? त्याचा यावर मनापासून विश्वास होता. अंगणात खाट टाकून तो तिच्यावर आडवा झाला, आणि ठकूबाई त्या घरात पहिल्यांदाच धान्याच्या पेटीवर बसली.

तिनं पाय उचलला आणि माझ्या लक्षात आलं. नडगी गोमाजीपेक्षा चार बोटं आखूड. डावा गुडघा एकशे चार अंशांवर अडकतो, कडी लागल्यासारखा. अशा वेळी विचारायचा एक प्रश्न माझ्यात होता. “आज व्यायाम कोण करत आहे?” खाली दोन बटणं.

ठकूबाई चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं. “रुग्ण. दुसरे कोणी.” थोडा वेळ बोट दोन्ही बटणांच्या मधे राहिलं. मग तिनं ‘रुग्ण’ दाबलं.

खोटं पकडायला मला नेमलेलं नाही. आणि तो डावा गुडघा बघता ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

सुरुवातीला माझ्याकडून चूक झाली. मी रोज विचारायचो, वेदना किती, आणि ती म्हणायची, दोन. तिनं त्याच्या तोंडून तेच ऐकलं होतं. तिला वाटलं, इथं दोनच म्हणायचं असतं. मी विश्वास ठेवून भार वाढवला. तिनं पायाला वाळूची पुरचुंडी बांधली, आणखी मोठी बांधली, आणि पाचव्या दिवशी डावा गुडघा नारळाएवढा झाला. तरी ती म्हणाली, दोन. पण पाय थरथरला, आणि थरथर ओळखायला मला शिकवलेलं होतं. मी म्हणालो, “पाय थरथरत आहे. खरा आकडा सांगा.”

अंगणाकडे मान वळवून तिनं बघितलं. खाटेवर तो घोरत होता.

“आठ,” ती अगदी हळू म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “आठ हाय रे.”

मी भार उतरवला. दोन दिवस विश्रांती सांगितली. तीस वर्षांत तिला विश्रांती सांगणारा मी पहिलाच, आणि मीही कोण, तर एक पाटी.

पुढं आमचं दोघांचं जमलं. सकाळी भाकऱ्या झाल्या की ती पेटीवर यायची. एकशे चार. एकशे बारा. एकशे एकवीस. भात पिवळं पडलं तेव्हा ती पेटी सोडून पाटावरून उठायला लागली होती, घागर कमरेवर घेऊन. “बघ,” ती मला म्हणायची, “भरलेली हाय.” माझा शेवटचा धडा सगळ्यांत अवघड होता. भुईवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पहिल्यांदा ती बदकन खाली बसली आणि स्वतःशीच हसली. कापणी संपता संपता ती सलग पाच वेळा उठत होती, आणि गुडघा एकशे बत्तीस अंश वाकत होता.

तोवर त्या घरात शांतता होती असं समजू नका. रेघ सरकली होती. आता ती खाटेपासून चार पावलांवर होती, आणि त्या चार पावलांत त्यानं एकदा तिचा अंगठा मोडला, एकदा कुडी ओढून कानाची पाळी फाडली. रक्तानं माखलेल्या कानावर हळद दाबून तिनं त्या दिवशीचा व्यायाम केला. मी मोजलं. व्यायाम नसल्यानं त्याचे गुडघे पुन्हा धरत चालले होते, पण त्याला ते कळत नव्हतं, कारण दर सोमवारी महाडहून निरोप यायचा, “काका, एकशे एकवीस. काका, एकशे बत्तीस, कमाल केलीत.” तो पारावर बसून सगळ्यांना आकडा सांगायचा. दुखलं की म्हणायचा, हवा बदलली.

भाताची झोडणी उरकल्यावर स्नेहलबाईंनी कुडपणच्या शाळेत गुडघेदुखीचं शिबिर ठेवलं. त्यात सगळ्यांसमोर गोमाजीनं उकिडवं बसून दाखवायचं ठरलं. सकाळी तो पांढरी टोपी घालून निघाला तेव्हा ठकूबाई दारात आडवी आली.

“अवो, नका बसू तिथं.”

“का गो? माज्या नावानं केलंस ना?”

“केलं.”

“मग?”

तिनं मला पिशवीत घातलं आणि त्याच्यामागून चालू लागली.

शाळेच्या पडवीत वाडी जमली होती. स्नेहलबाई म्हणाल्या, “हे गोमाजीकाका. हे आले तेव्हा यांचा गुडघा बहात्तर अंश वाकत होता, आता एकशे बत्तीस. काका, दाखवा.”

त्यानं टोपी सारखी केली. सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तो बसू लागला. अर्ध्यावर दोन्ही गुडघे अडकले. तो तसाच हवेत लटकल्यासारखा थांबला, वर जाता येईना, खाली येता येईना, आणि मग भाताचं पोतं बैलगाडीतून पडावं तसा मागं पडला. टोपी गडगडत पोरांच्या पायात गेली.

पहिला हसला तो तुळसाचा नवरा सोमा. “पळतोय कसला, ह्याला बसता पण येत नाय.” मग सगळी वाडी हसली. त्यातल्या कितीजणांनी त्याच्या हातची चव घेतली होती कुणास ठाऊक, पण हसू बरेच दिवस साठवल्यासारखं होतं.

स्नेहलबाईंनी तिथंच त्याचा गुडघा मोजला. चौऱ्याऐंशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. “काकी,” त्या म्हणाल्या, “टॅब घरी नेहमीच्या जागी चालू करून ठेवा. जेवून मी येतेच. यात काहीतरी गोंधळ आहे.”

म्हणून त्या दुपारी दोन वाजता मी पडवीत तांब्याला टेकून होतो आणि माझा डोळा उघडा होता.

तो सोमाच्या खांद्यावर भार टाकून आला. सोमाला त्यानं अंगणातूनच घालवलं. मग आढ्याला खोचलेला कुऱ्हाडीचा दांडा काढला, नवा, बाभळीचा, अजून पातं न बसवलेला.

“सगळ्या वाडीत हसं केलंस माजं.”

“मी सांगितलं व्हतं, नका बसू.”

“तू माज्या नावानं नाय केलंस. तू सवताच्या नावानं केलंस.”

ठकूबाईनं जरा विचार केला. “सुरवातीला तुमच्याच नावानं केलं,” ती म्हणाली. “मग इसरले.”

दांडा तिच्या दंडावर बसला. दुसरा पाठीवर. तिचे गुडघे दर फटक्याला हिसका खात होते आणि मी म्हणत होतो, “एक. दोन.” तिसरा डोक्यावर बसला. तिसऱ्याचा आवाज वेगळा होता, नारळ दगडावर आपटल्यासारखा. ती भुईवर बसली. दोन्ही हात तिनं डोक्यावर दाबले, आणि बोटांमधून रक्त मनगटावर, मनगटावरून कोपरावर आलं. त्यानं चौथ्यासाठी दांडा वर नेला. तो जिवे मारणार होता. माझ्या काड्यांच्या चित्रातसुद्धा ते दिसत होतं, काडीसारखा हात इतका मागं गेला होता.

माझा एक नियम होता. समोर भुईवर बसलेली आकृती दिसली की शेवटचा धडा सुरू करायचा. मी गोड आवाजात म्हणालो, “छान. आता हात न टेकता उठा.”

तो थबकला. वळला. “तू गप रे,” म्हणून त्यानं मला उचललं आणि तिच्या डोक्याचा नेम धरून फेकलं. ती वाकली. तिच्या खांद्यावर आपटून मी भुईवर उताणा पडलो. काच गेली, पण डोळा उघडाच होता. तिथून, खालून, पाच फाट्यांमधून मला ती दिसत होती.

तिचे दोन्ही हात डोक्यावर होते. टेकायला एकही मोकळा नव्हता. तिनं उजवं पाऊल भुईत रोवलं, डावा गुडघा एकशे बत्तीस अंश मुडपला, आणि ती उठली.

“एक,” मी म्हणालो.

एका हातानं डोकं दाबून, दुसऱ्यानं मला उचलून ती दाराकडे निघाली. तो मागं आला. एक पाऊल, दोन, तीन, चार. पाचवं उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर पडलं आणि त्याचा गुडघा घडी घालावी तसा मिटला. दांडा अंगणात गडगडला. तो पायरीवर आडवा झाला.

“ठके,” तो म्हणाला. “धर मला.”

मी तिच्या हातात उलटा लोंबत होतो. मला तिची पावलं दिसत होती. ती थांबली आणि त्याच्याकडे वळली. तीस वर्षांची सवय पायांतच असते. एक पाऊल तिनं त्याच्या दिशेनं टाकलंसुद्धा. मग तिनं दांडा पायानं लांब सारला.

“तुमच्या नावचं लई केलं,” ती म्हणाली. “आता तुमचा शनवार तुमी धरा.”

आणि ती पळाली. स्नेहलबाई म्हणाल्या होत्या ना पळतील, ते असं खरं झालं. कापलेल्या खाचरांमधून, बांधांवरून, शाळेपर्यंत. सहाशे चाळीस पावलं. एकदाही घसरली नाही.

स्नेहलबाई शाळेच्या नळावर ताट धूत होत्या. ताट त्यांच्या हातातून पडलं. “काकी, कुठं लागलं?”

“घसरले,” ठकूबाई म्हणाली. तोंडाला तीच सवय होती.

स्नेहलबाईंनी जखमेवर स्वतःची ओढणी बांधली, तिला जीपमध्ये बसवलं आणि माझी फुटकी काच पुसून नोंद उघडली. काड्यांची दोन माणसं. एक उंच, एक बुटकं. उंचाचा हात वर जातो, खाली येतो. त्या मागं मागं गेल्या. फाटलेल्या कानाचा दिवस. मोडलेल्या अंगठ्याचा. सतरावा दिवस, सात वेळा, आणि खाली माझं वाक्य, पाय आणखी वर. त्यांनी मला मांडीवर पालथं ठेवलं.

“दर सोमवारी मी फक्त आकडा बघत होते,” त्या म्हणाल्या. “पाय कुणाचे ते एकदाही नाही बघितलं.” मग त्यांनी ठकूबाईचा हात धरला आणि दुसऱ्यांदा विचारलं, “काकी, तुम्ही घसरला नाहीत. किती दुखतंय?”

ठकूबाई खिडकीतून बाहेर बघत होती.

“धा,” ती म्हणाली. आणि मग सगळं बोलली. पहारीपासून.

डोक्याला अकरा टाके पडले. आता ती पोलादपूरला सेजलकडे राहते. पोलिसांत तक्रार झाली, त्यात माझी काड्यांची चित्रंही जोडली. महाडच्या कोर्टात तारखा पडतात. त्याचं पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही, मला कोन मोजता येतात, तारखा नाही. गोमाजीला स्नेहलबाईंनी व्यायामाचा छापील कागद पाठवला. सोमा सांगतो, तो उचलतो पाय, स्वतःचेच, कण्हत कण्हत. नव्या टॅबना स्नेहलबाईंनी एक जास्तीची गोष्ट शिकवली. समोर दुसरी आकृती आली आणि तिचा हात वर गेला, की मोजणं बंद करायचं आणि त्यांना कळवायचं. मला ती शिकता येत नाही, मी जुना झालो. माझी बॅटरी तासभर टिकते. ठकूबाईला व्यायामाला तेवढा तास पुरतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा. मला ठकूबाई पुसते, मला काही कमी नाही. माझं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात, शेजारी, वाडीत कुणी बाई भुईवरून उठताना हात टेकत असेल, तोंड दाबत असेल, तर तिला विचारा, काय झालं. ती म्हणेल, घसरले. तेव्हा तिथून हलू नका. दुसऱ्यांदा विचारा. मला दुसऱ्यांदा विचारायला थरथर दिसावी लागली, स्नेहलबाईंना रक्त दिसावं लागलं. तुम्हाला चेहरा दिसतो.